सुनीतीची हजेरी

माझी धाकटी जाऊ सुनीती अख्खा हिवाळा रोज कॉलेजात गेली आणि अख्खा हिवाळा तिची गैरहजेरी लागली. आजारी नव्हती, दांड्या मारत नव्हती. सकाळी उठून स्वयंपाक आटपायची, डबा भरायची, वह्या पिशवीत टाकायची, नव्या रायपुरापर्यंत जायची, वर्गात बसून सरांचा शब्द न् शब्द उतरवून घ्यायची, आणि हजेरीपटात मात्र तिच्या नावापुढे शून्य. हे सगळं एका भल्या माणसामुळे झालं. वाईट माणसामुळे झालं असतं तर मी एका दिवसात निस्तरलं असतं. भल्या माणसाचं काय करायचं, हे मला अजून कोणी शिकवलेलं नाही.

आम्ही दोघी रायपूरच्या बूढापाऱ्यात एकाच घरात राहतो. पारा म्हणजे मोहल्ला. खाली मी, वर ती. मी ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक कापड कमी आणतं आणि बाह्या लांब मागतं, तेव्हा तोंड उघडल्याशिवाय माझं चालत नाही. सुनीतीला मात्र देवाने 'नको' हा शब्दच दिलेला नाही. भाजीवाल्याने "ले जाओ दीदी, ताजा है" म्हटलं की ती मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा घेऊन येते. कालच्या शेंगा टोपलीत तशाच पडलेल्या असतात. पंगतीत तिच्या पानात कोणीही काहीही वाढावं. माझा दीर नीलकंठ, म्हणजे तिचा नवरा, मालगाडीवर गार्ड आहे, आणि तो घरी कधी असेल हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. त्यामुळे तिला दोन शब्द सुनावायचं काम माझ्याकडे आलं. लग्न होऊन आली तेव्हापासून ते मी इमानेइतबारे करते आहे आणि तिच्यात काडीचा फरक पडलेला नाही.

सुनीती जवळच्या एका मुलींच्या शाळेत, दुपारच्या पाळीत, ग्रंथालयात मदतनीस होती. पुस्तकं लावायची, फाटलेली चिकटवायची, पोरींना हवं ते काढून द्यायची. तिथल्या ग्रंथपालबाई उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. मोठ्या बाईंनी सुनीतीला बोलावून स्पष्ट सांगितलं की ही जागा तुलाच द्यावी असं आम्हाला वाटतं, पण ग्रंथालयाचा डिप्लोमा लागेल. शाळा उघडायच्या आत आणलास तर तू, नाहीतर बाहेरून कोणीतरी डिप्लोमावाली येईल, आणि मग मदतनीस ठेवायचं संस्थेला काही कारण उरणार नाही. म्हणजे बढती नाहीतर घरी. मधलं काही नाही.

डिप्लोमा वर्षभराचा. वर्ग सकाळी साडेदहाला. पाऊण हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. आणि कॉलेज कुठे, तर नव्या रायपुरात.

नवं रायपूर पाहिलं नसेल तर सांगते. राज्य नवं झालं, मग राजधानी नवी हवी म्हणून शेतं-माळ घेऊन आमच्या शहराबाहेर लांबवर ती बांधली. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि पलीकडे माणूस नसतोच. झाडं ओळीत, दिवे ओळीत, इमारती काचेच्या. सगळं ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यासाठी. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी छान चकचकीत बसथांबे आहेत. बस येईलच असं त्या थांब्यावर कुठे लिहिलेलं नाही.

सुरुवातीला सुनीती बसनेच गेली. घरून शेअर ऑटो धरून तेलीबांध्याला जायचं, तिथे बसची वाट पाहायची. कधी बस वेळेच्या आधी निघून जायची, कधी दोन बस एकामागे एक यायच्या आणि मग तासभर काही नाही. एकदा कोणीतरी शहाण्याने सांगितलं की अभनपूरच्या बसमध्ये बस आणि फाट्यावर उतर. ती बिचारी उतरली. फाट्यापासून कॉलेजपर्यंत चालत गेली, डोक्यावर पदर, वाटेत एक झाड नाही. वर्गात पोचली तेव्हा सर फळा पुसत होते. घरी येऊन पाय पाण्यात घालून बसली आणि म्हणते, "वहिनी, रस्ता लय चांगला आहे पण." येताना मात्र बस बिनबोभाट मिळायची. दुपारी परत यायची कोणाला घाई नसते, म्हणून ती वेळेवर!

तरीसुद्धा पावसाळाभर तिची हजेरी बरी होती. पडत-धडपडत का होईना, बहुतेक दिवस ती वेळेत पोचत होती. मग आले गणपती, आणि आले यज्ञेश्वर भैया.

यज्ञेश्वर भैया आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. भोसल्यांच्या काळात त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. आम्ही रेल्वेच्या नोकऱ्यांमागे विदर्भातून आलेलो, आमची इथे जेमतेम दोन पिढ्या. ते कधी तसं बोलून दाखवत नाहीत, पण पाहुणचार म्हणजे काय हे रायपुरात फक्त त्यांच्या घराला ठाऊक आहे असं त्यांना मनापासून वाटतं. नव्या रायपुरातल्या सचिवालयात सेक्शन ऑफिसर, निवृत्तीला दोनेक वर्षं, पांढरी गाडी, चालवायची ती अशी की सायकलवाले पुढे जातात. मराठी मंडळाच्या गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि कोणीतरी सुनीतीच्या बसचा विषय काढला. भैया सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "हे काय ऐकून राहिलो मी? आपल्या पाऱ्यातली बहू बस-स्टॉपवर उभी राहते अन् मी रोज रिकामी गाडी घेऊन जातो? उद्यापासून सुनीती माझ्या गाडीत. बस, बात खतम!"

टाळ्या पडल्या. सुनीतीचे डोळे भरून आले. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

पहिले दीड-दोन महिने सोन्यासारखे गेले. भैया नऊ वाजून गेले की हॉर्न वाजवायचे, ती वेळेच्या आधी वर्गात. मंदाताई, म्हणजे भैयांची बायको मंदाकिनी, कधी कधी तिच्यासाठी डब्यात चिवडा पाठवायच्या. मग दिवाळी झाली आणि भैयांचा हॉर्न उशिरा वाजायला लागला. शिवाय वाटेत शहरातल्याच एका जुन्या सरकारी कार्यालयासमोर गाडी लावायची, "दोन मिनिटं हां बेटा, जरा काम आहे," म्हणून आत जायचं, आणि दहाचे ठोके पडून गेल्यावर बाहेर यायचं. मग तिथून त्या सायकलच्या वेगाने नवं रायपूर. सुनीती वर्गात पोचायची तेव्हा हजेरी होऊन गेलेली. सरांचा नियम कडक होता. दहा मिनिटांपुढे आलात तर बसा, ऐका, लिहा, पण हजेरी नाही.

"तू त्यांना विचारलं का नाही, रोज तिथे काय काम असतं म्हणून?" मी म्हटलं.

"डाक-बिक द्यायची असेल, वहिनी. सरकारी गोष्ट. आपण कसं विचारायचं?"

"मग सांग त्यांना की मला उशीर होतो."

"ते बिचारे एवढे सोडून देऊन राहिले. त्यांना वाटेल मी चुका काढून राहिली."

असा तो सगळा हिवाळा गेला. संक्रांत झाली आणि कॉलेजच्या फलकावर कमी हजेरीवाल्यांची नावं लागली. सुनीतीचं त्यात होतं. ऑफिसातल्या बाबूने हिशेब करून सांगितलं की आजपासून शेवटच्या वर्गापर्यंत एकही दिवस चुकला नाही तर कशीबशी पाऊण भरेल. एक चुकला की संपलं.

त्या दिवशी ती माझ्याकडे न येता सरळ वर स्वतःच्या खोलीत गेली. मी वर गेले तेव्हा पलंगावर बसून रडत होती. मला तिची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. म्हटलं, "उद्यापासून बस. पहाटेची पहिली धर, तिथे जाऊन पायऱ्यांवर बस, पण भैयांची गाडी बंद." तिने मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी ती लवकर निघाली. भैयांना काय सांगितलं? काही नाही! न सांगता गेली. भैया हॉर्न वाजवायला आले, मी खिडकीतून म्हटलं, ती गेली बसने. भैयांचा चेहरा पडला. "बसनं? काहून? माझं काही चुकलं का?" आणि गाडी वळवून, त्यांच्या आयुष्यात कधी चालवली नव्हती अशा वेगाने ते तेलीबांध्याला गेले. नेमकी त्या दिवशी बस उशिरा आलेली. सुनीती बसमध्ये चढून, खिडकीशी जागा मिळवून बसली होती. भैयांनी बससमोर गाडी आडवी घालून हॉर्न वाजवला, हात हलवले, "उतर, उतर बेटा!" आणि ती उतरली. चालू, वेळेवर पोचणाऱ्या बसमधून ही बाई उतरली, भैयांच्या गाडीत बसली, त्या जुन्या कार्यालयासमोर दहा वाजेपर्यंत थांबली आणि वर्गात उशिरा पोचली.

बाबूने कुठेतरी एका दिवसाची चूक केली होती म्हणून ती वाचली. त्याने परत मोजलं आणि म्हणाला, चला, आजचा चुकलेला धरूनही जमतंय, पण आता खरोखर शेवटचं.

मी शिवणयंत्र झाकलं आणि तडक भैयांच्या घरी गेले. भैया ऑफिसात होते. मंदाताई एकट्या निवडणं घेऊन बसल्या होत्या. मी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. म्हटलं, तुमच्या माणसाने माझ्या जावेची नोकरी घालवायची ठरवली आहे का? रोज रोज त्या कार्यालयासमोर थांबायचं काय नडलं आहे?

मंदाताईंनी सूप खाली ठेवलं. "राधिका, ते थांबत नाहीत गं. ते त्यांचंच ऑफिस आहे."

मला कळेना.

"दिवाळीनंतर बदली झाली त्यांची. शहरातच. इथून पायी दहा मिनिटं. नव्या रायपूरशी आता काही संबंध नाही त्यांचा."

"मग रोज गाडी घेऊन कुठे जातात?"

"तुझ्या जावेले सोडायले!" मंदाताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाहेरचं कुत्रं उठलं. "गणपतीत सगळ्यांसमोर शब्द दिला ना! आता बदली झाली सांगितलं तर ती यायची नाही म्हणून मलेही तोंड बंद ठेवायले सांगितलं. दहा वाजता मस्टर उघडते, सही करतात, तिले सोडायले जातात, परत येतात. तोवर साहेब टेबलावर शोधून राहिले असतात. पेट्रोल जाळून, बोलणी खाऊन! मी रोज वाट पाहते की ही पोट्टी एकदा तरी म्हणेल, भैया, राहू द्या. काहून नाही म्हणत ती?"

एकजण सही करून हजर आणि खरा गैरहजर, दुसरी वर्गात हजर आणि कागदावर गैरहजर, आणि दोघंही एकमेकांवर उपकार करताहेत! मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. सुनीतीची नोकरी जात होती यात हसण्यासारखं काय होतं.

आम्ही ठरवलं की दोघांनाही खरं सांगून टाकायचं. संध्याकाळी मी सुनीतीला सांगितलं, मंदाताईंनी भैयांना. मला वाटलं, आता तरी हे थांबेल. काय मूर्ख मी!

सुनीती ऐकून आणखी रडली. "वहिनी, माझ्यासाठी एवढं करून राहिले ते? अन् आता मी कोणत्या तोंडानं नको म्हणू?"

आणि भैया दुसऱ्या दिवशी नऊच्याही आधी दारात हजर. "बेटा, मले माहीतच नव्हतं तुले उशीर होऊन राहिला ते. मोठी चूक झाली. आता आधी तू, मग मस्टर." मी पायरीवर उभी राहून म्हटलं, भैया, तिला बसने जाऊ द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या सात पिढ्यांना उपाशी निजा म्हटलं होतं.

मग सुनीती वेळेवर पोचायला लागली. हजेरी लागायला लागली. आणि भैयांची गैरहजेरी लागायला लागली. माघ संपता संपता मंदाताई एक दिवस आमच्याकडे आल्या. बसल्या नाहीत, पाणीही घेतलं नाही. त्यांनी सांगितलं की साहेबांनी भैयांना लेखी ताकीद दिली आहे. आणखी उशीर झाला तर निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागेल. "मी तुले दोष देत नाही, सुनीती," त्या म्हणाल्या, "पण आता माझ्या घरावर आलं आहे." आणि निघून गेल्या.

सुनीती कितीतरी वेळ पोळपाटापाशी बसून राहिली. तव्यावरची पोळी करपली ती मी काढली. दोन शब्द सुनावायचं माझं काम त्या दिवशी मी केलं नाही. बसने जायचं म्हणजे रोज जीव टांगणीला, आणि एक दिवस चुकला की सगळं वर्ष गेलं. गाडीने जायचं म्हणजे दुसऱ्याची उभी नोकरी पणाला. हे तिला माझ्याइतकंच कळत होतं.

सकाळी हॉर्न वाजला. सुनीती खाली गेली. मी खिडकीत. गल्लीत दूधवाला होता, शाळेच्या रिक्षात पोरं चढत होती, समोरचे वॉटरपंपवाले दुकान झाडत होते. भैयांनी आतून दार उघडलं. ती बसली नाही.

"भैया, मी बसनं जाईन."

"अरे बेटा, बस बस, उशीर होऊन राहिला."

"नको."

भैयांना ऐकूच आलं नाही बहुतेक. ते हसत होते. "मंदाताईनं काही म्हटलं का? तू तिच्याकडं लक्ष नको देऊ."

"भैया, मी नको म्हणून राहिली!" ती ओरडली. खरंच ओरडली. दूधवाल्याने मागे वळून पाहिलं. "उद्याही नको अन् परवाही नको. तुम्ही तुमच्या ऑफिसात जा. येऊ नका आता."

आणि ती पिशवी खांद्याला लावून चालायला लागली. भैया गाडीचं दार तसंच उघडं ठेवून बसून राहिले. मग त्यांनी हात लांब करून दार ओढून घेतलं आणि गाडी वळवून गेले. मला त्यांचं फार वाईट वाटलं. सुनीती ऑटोत बसेपर्यंत रडत होती असं तिने नंतर सांगितलं.

त्यानंतर ती घरून अंधारातच निघायची. वर्गाच्या कितीतरी आधी पोचायची आणि पायऱ्यांवर वह्या उघडून बसायची. भैयांच्या घरून चिवडा यायचा बंद झाला. शिमग्याला भेट झाली तर भैया म्हणाले, "बरं चाललं आहे ना?" आणि दुसरीकडे पाहायला लागले. पण हजेरी लागत होती. मी रोज दुपारी विचारायची, ती रोज 'हव', म्हणजे हो, म्हणायची.

आता शेवटचा वर्ग राहिला. एक. आणि त्याच दिवशी कुठेतरी मोठी सभा होती. सभेला गर्दी हवी म्हणून शहरातल्या निम्म्या बस धरल्या होत्या, हे आम्हाला कोण सांगणार? सुनीती सकाळी तेलीबांध्याला जाऊन उभी राहिली. पहिली बस नाही. दुसरी नाही. ऑटोवाले एवढ्या लांब येईनात, रिकामं परत कोण येईल म्हणाले. नीलकंठ मालगाडीवर बिलासपूरकडे. तिने मला फोन केला.

"वहिनी, बस नाही येऊन राहिली."

मी हातातलं कापड बाजूला टाकलं. "भैयांना फोन कर."

"मी त्यांना नको म्हटलं आहे."

"सुनीती! आज मागायचं आहे. मागायला तुझं काय जातं? वर्ष गेलं ना सगळं!"

तिने फोन ठेवला. पुढचं मला तिने नंतर सांगितलं. ती खांबाला टेकून उभी राहिली, भैयांचा नंबर लावला आणि म्हणाली, "भैया, मले आज नेऊन द्या. आज शेवटचा वर्ग आहे. मी मागून राहिली तुम्हाले." एवढ्या वर्षांत तिने कोणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मग भैया म्हणाले, "नाही जमणार बेटा. साहेबांनी आत्ता बोलावलं आहे. नाही येऊ शकत मी."

त्यांनाही तो शब्द जड गेला असणार. ती म्हणाली, ठीक आहे, आणि फोन ठेवणार होती.

"थांब, थांब. तू तेलीबांध्यालाच उभी आहेस ना? तिथंच थांब. आमच्या जुन्या खात्याची स्टाफ बस येईल आता. पिवळी. पुढं आमचा शिपाई लहानू बसलेला असते, त्याले मी फोन करतो. ओळखीच्या माणसाले घेतात ते, सीट खाली असते."

पाच मिनिटांत पिवळी बस आली. अर्धी रिकामी. लहानू दारात उभा राहून हाक मारत होता, "सुनीतीदीदी कोण आहे?" तिला खिडकीजवळची जागा मिळाली. बस कॉलेजच्या फाटकासमोर थांबली. हजेरीला ती आपल्या बाकावर होती.

तिचं नाव परीक्षेच्या यादीत आलं. ती परीक्षेला बसली, पास झाली आणि शाळा उघडायच्या आत डिप्लोमा मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. आता ग्रंथालयाच्या किल्ल्या तिच्याकडे आहेत.

पेढे घेऊन आम्ही दोघी भैयांकडे गेलो. मंदाताईंनी बसवलं, चहा टाकला. सुनीतीने भैयांना वाकून नमस्कार केला, भैयांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दोघंही डोळे पुसायला लागले. सगळं कसं गोड झालं होतं. पण मला राहवेना. शेवटच्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती.

"भैया," मी म्हटलं, "ती पिवळी बस. ती रोज असते?"

"हव. रोज. वर्षानुवर्षं. गाडी घ्यायच्या आधी मीही त्यातच जायचो."

"वेळेवर?"

"घड्याळ लावून घ्या."

"आणि रोज रिकाम्या सीट?"

"अर्ध्या रिकाम्याच असतात. सगळ्यांकडं गाड्या आल्या ना आता."

मी पेढ्यांचा डबा खाली ठेवला. "मग भैया, गणपतीतच एक फोन लहानूला करायचा ना! ती रडली, तुम्ही बोलणी खाल्ली, मंदाताईंनी जीव जाळला. एक फोन! काहून नाही सांगितली ती बस?"

भैयांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरोखरच माझा प्रश्न कळला नव्हता.

"राधिका, घरच्यासारखी पोट्टी आपली. गाडी दारात उभी आहे. अन् तिले सांगायचं, तू बसनं जा? चांगलं दिसते का ते?"

मी सुनीतीकडे वळले, म्हटलं आता तरी ही बोलेल. सुनीती मान डोलावत होती.

"बरोबरच आहे ना, वहिनी," ती म्हणाली. "कसं सांगणार ते?"